रोशनच्या हिरड्या

"सहा. सात. सात. पाच. परत सात."

डॉक्टर अरीबा आकडे सांगत होत्या आणि मागे उभी असलेली नर्स ते कागदावर उतरवत होती. खुर्चीत आडवा पडलेला दसरू नैताम छताकडे बघत ते आकडे ऐकत होता. हिरडी आणि दाताच्या मधल्या फटीत बारीक सळई जायची, आत कुठेतरी टेकायची, बाहेर यायची. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, असं मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. अर्धं तोंड झालं तरी तीनचा आकडा एकदाही आला नव्हता.

"उठा, चूळ भरा. हा सुपारी-तंबाखूचा खर्रा किती वर्षं खाता?"

"वीस-बावीस वर्षं झाले असन."

"दिवसाला किती?"

"तीन-चार पुड्या. बाहेरगावी नाटक असलं त मंग मोजत नाई."

चूळ भरलेलं पाणी लाल झालं होतं. दसरूने त्यावर घाईघाईने नळ सोडला.

तो एक्केचाळीस वर्षांचा होता. वडशाच्या राइस मिलमध्ये पंधरा वर्षांपासून मशीनवर होता आणि दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या, गावोगाव रात्रभर चालणाऱ्या नाटकांत काम करायचा. चारशे-पाचशे गावांत त्याचा आवाज पोचला होता. माइक बंद पडला तरी मागच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द ऐकू जायचा, अशी त्याची ख्याती. मागच्या हंगामापासून मात्र खालचे पुढचे दात हलायला लागले आणि 'स' म्हणताना शिट्टी वाजायला लागली. 'सासू' म्हटलं की लोक हसायचे. प्रसंग रडण्याचा असायचा.

डॉक्टर अरीबा चंद्रपूरच्या. नागपूरच्या एका कॉलेजात पुढचं शिकत होत्या आणि आठवड्यातून दोन दिवस वडशाच्या या लहानशा दवाखान्यात बसायच्या. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला.

"मिलमध्ये धानाचा भुसा निघतो, त्याचं काय करता तुम्ही?"

"बॉयलरमध्ये जाते. त्याच्यावरच त मिल चालते."

"शरीरातली प्रत्येक पेशी तेच करते. आत जे मोडलं, सडलं, कामातून गेलं, ते एका पिशवीत भरते, पचवते आणि त्यावरच पुन्हा चालते. स्वतःचंच स्वतः खाते, म्हणा ना. बाहेरचा जंतू शिरला तर त्यालाही त्याच पिशवीत घालते. तुमच्या हिरड्यांत हेच काम बिघडलं आहे. काही जंतू असे बदमाश असतात की त्या पिशवीतच लपून बसतात. पेशी त्यांना खायच्या ऐवजी पोसते. वरून तंबाखू. कचरा साचला, सूज आली, आणि आतलं हाड झिजत गेलं."

"थे काम चालू करायची गोळी नाई का, मॅडम?"

"शोधताहेत. मी पण त्याच्यावरच अभ्यास करते. आज हातात आहे ते एवढंच, हिरडीखालची खोल सफाई. चार वेळा यावं लागेल. आणि खर्रा बंद. घाण निघाली, तंबाखू थांबली, की हिरडी आपलं काम बऱ्यापैकी परत धरते. गेलेलं हाड मात्र येत नाही."

मग कित्येक महिने मनात ठसठसणारा प्रश्न त्याच्या तोंडून निघालाच.

"मंग रोशनले काऊन नाई होत?"

"कोण रोशन?"

रोशन दोनाडकर. दसरूच्याच वयाचा, त्याच्याच शाळेतला, त्याच्याच कंपनीतला नट. दिवसा वडसा-आरमोरी काळी-पिवळी जीप चालवायचा. पहिला खर्रा दोघांनी एकाच पुडीतून खाल्ला होता आणि त्यानंतरच्या वीस वर्षांतल्या बहुतेक पुड्याही. दसरूने हे सगळं सांगितलं. "त्याचे दात मोत्यासारखे हायेत, मॅडम. सोड्याच्या बाटलीचं झाकन दातानं काढते. कधी रगताचा थेंब नाई."

मॅडमनी एक्स-रे खाली ठेवला. "वय तेच, गाव तेच, खर्रा तेवढाच आणि हिरड्या चांगल्या? मला असाच माणूस हवा होता. घेऊन या त्यांना. कापायचं काही नाही. कागदाची बारीक पट्टी हिरडीच्या खाचेत ठेवायची, तिथलं पाणी टिपायचं, बस. तुमचं आणि त्यांचं, दोघांचं तपासते. पुढच्या वेळी नक्की आणा."

त्यांचे डोळे चमकले होते. आपलं तोंड तपासताना ते चमकले नव्हते, हे दसरूने पाहिलं.

सायकलवरून घरी येताना तेच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. दुखणं आपलं. खुर्चीत आपण पडलो, सळई आपण टोचून घेतली. आणि मॅडमला हवा कोण, तर रोशन. लहानपणापासून हे असंच होतं. मेहनत दसरूची असायची आणि लोक रोशनकडे वळून बघायचे. दसरू पहाटे उठून नदीकाठी संवाद घोकायचा. रोशन रंग लावता लावता एकदा वही चाळायचा आणि त्याच्या खलनायकी हसण्याला शिट्ट्या पडायच्या. ब्रह्मपुरीला एका कुटुंबाने दोघांसोबत फोटो काढला होता. त्यात रोशन बत्तिशी दाखवून हसत होता आणि दसरू ओठ मिटून असा उभा होता, जणू कुणाच्या मयतीला आला आहे.

घरी सुद्धा तेच. रोशन आला की सुकरी, दसरूची बायको, पदर तोंडाला लावून हसायची. त्यात काहीच नव्हतं, हे दसरूला ठाऊक होतं. तरी ती किती वेळ हसली, हे त्याच्या ध्यानात राहायचं.

"काय म्हणलन डॉक्टरनं?" सुकरीने विचारलं.

"चार खेपा कराव लागते."

"रोशनभाऊलेही घेऊन जाजो एखाद्या खेपेले. थोही त खाते."

"त्याले काय झालं? त्याचे दात लोखंडाचे हायेत," दसरू म्हणाला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर रोशन गाडी धूत होता. दसरू त्याच्याजवळ थांबला. सांगायचं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात रोशन हसला, पांढरे दात उन्हात चमकले.

"का गा, तोंड काऊन सुजलं? सुकरीवैनीनं हानलं का?"

दसरू मिलकडे निघून गेला.

पुढच्या खेपेला मॅडमनी दारातच विचारलं, "ते आले नाहीत?"

"नाई म्हणते थो. दवाखान्याचं भेव वाटते त्याले."

खोटं इतकं सहज निघालं की दसरूलाच नवल वाटलं. मॅडम जरा हिरमुसल्या. त्यांचा तो हिरमुसलेला चेहरा बघून त्याला बरं वाटलं.

श्रावण संपला, गणपती गेले. दसरूने खर्रा सोडला. सोडताना तो अर्धा वेडा झाला. मशीनवर उभा असताना हात आपोआप खिशात जायचा. डोकं दुखायचं, भाजीला चव लागायची नाही. सुकरीशी तो कारण नसताना भांडला. पण त्याने पुन्हा पुडीला हात लावला नाही. मॅडमनी आधी त्याच्या हिरड्यांतल्या कागदाच्या पट्ट्या घेऊन ठेवल्या, मग हिरड्यांखालून दगडासारखी घाण खरवडून काढली. खालचा एक दात वाचलाच नाही. त्याच्या जागी खोटा दात बसवून शेजारच्या दातांना मागून बारीक तार बांधली. रक्त थांबलं. साताचे पाच झाले. 'स'ची शिट्टी गेली.

पण तोवर उशीर झाला होता. कंपनीचे मालक ठेंगरेभाऊ यांनी नव्या नाटकातली कामं वाटली होती. थोरल्या भावाचं काम, ज्याच्याभोवती अख्खं नाटक फिरत होतं, रोशनला गेलं. दसरूच्या वाट्याला म्हातारा बाप आला. दोन प्रवेश आणि पहिल्या अंकातच मरण.

"तुह्यी तब्येत बरी नाई ना, दसरू," ठेंगरेभाऊ म्हणाले. "एक वर्ष दम घे."

"जमते, भाऊ," दसरू म्हणाला.

तालीम रविवारी दुपारी धानाच्या रिकाम्या गोदामात चालायची. पहिल्या अंकात मरून झाल्यावर दसरूला काही काम नसायचं. तो पोत्यांवर बसून रोशनकडे बघत राहायचा. असं टक लावून त्याने रोशनला कधी पाहिलं नव्हतं. एखाद्याचं वाईट व्हावं असं वाटतं तेव्हा माणूस त्याला किती बारकाईने बघतो.

म्हणूनच दसरूला ते सगळ्यांच्या आधी दिसलं. रोशनचं हसणं लहान झालं होतं. पूर्वी तो मान मागे टाकून, घसा दिसेपर्यंत हसायचा. आता दात मिटूनच हसत होता. "नवीन स्टाइल हाय बे," असं दुसरे नट म्हणाले आणि ठेंगरेभाऊंनाही ती आवडली. दुपारच्या जेवणाला रोशन भाकरीचे बारीक तुकडे करून ओठांतून आत सरकवायचा. मिरचीचा ठेचा त्याने बाजूला सारला.

"काऊन गा?" कुणीतरी विचारलं.

"तोंडात आग होते मसाला लागला की. गालाले अंदरून फोड आला हाय, जातच नाई."

"उन्हाचं असन," दसरू म्हणाला.

हे म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर मॅडमच्या खोलीतली भिंत होती. खुर्चीत पडलं की समोरच एक मोठं चित्र दिसायचं. एका माणसाने स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घातलेली. खाली लिहिलेलं होतं: 'तीन बोटं जात नाहीत? गालात आग होते? पंधरा दिवसांत न भरणारी जखम आहे? आजच दाखवा.' चार खेपांत त्याने ते इतक्यांदा वाचलं होतं की संवादासारखं पाठ झालं होतं.

त्याला समजत होतं. आपल्याला समजलंच नाही, असं पुढे त्याने स्वतःला कितीदा सांगून पाहिलं, पण ते टिकलं नाही. त्या दुपारी त्याला सगळं समजत होतं. आणि त्याच्या मनात आलं ते एवढंच, की तिसऱ्या अंकातला मोठा संवाद रोशनला जड जाणार.

गेलाच. दसऱ्यानंतर रोशनचे शब्द अडकू लागले. 'आ' पूर्ण उघडेना. मागच्या भिंतीपाशी उभे राहून ठेंगरेभाऊ ओरडायचे, "आवाज येऊन नाई राह्यला, रोशन." दिवाळीला दोन आठवडे उरले असताना त्यांनी दोघांना बोलावलं आणि कामं बदलली. थोरला भाऊ दसरूला, बाप रोशनला.

दसरूने मान खाली घातली. छातीत असं काही फुललं की ते चेहऱ्यावर दिसेल, अशी त्याला भीती वाटली.

रोशन त्याच्याजवळ येऊन बसला. आपली संवादांची वही त्याने दसरूच्या मांडीवर ठेवली. पानापानांवर पेन्सिलीने खुणा होत्या. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, कुठे बहिणीकडे न बघता बोलायचं. रोशन घोकत नाही, वही एकदा चाळतो, असं दसरू वीस वर्षं मानत आला होता.

"तिसऱ्या अंकातलं जपून करजो," रोशन म्हणाला. "मी लय मेहनत घेतली होती त्याच्यावर. तुह्या आवाजात शोभन. मले आधीपासूनच वाटे का थे काम तुह्यं होय."

"तुले सांगता नाई आलं का ठेंगरेभाऊले?"

"सांगतलं ना. तुह्या तब्येतीचं काढलन त्यायनं."

दसरूने वही मिटली. "आ कर," तो म्हणाला.

"काऊन?"

"कर म्हणतो ना."

रोशनने तोंड उघडलं. दसरूने त्याची बोटं धरून उभी लावून पाहिली. दोन जात नव्हती. दीड, फार तर. आत उजव्या गालावर पांढुरक्या चट्ट्यात एक लाल खड्डा होता.

"उद्या तू माह्यासंग चाल," दसरू म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

डॉक्टर अरीबांनी दिवा जवळ ओढला. बोटाने गालाची कड दाबून पाहिली, मग गळ्याखाली चाचपलं.

"ही जखम कधीपासून आहे?"

"असन दोनक महिने. पहिले बारीक होती."

"नागपूरला जावं लागेल. उद्याच. मी चिठ्ठी देते, फोनही करते. तुकडा तपासल्याशिवाय नाव घेत नाही, पण वेळ घालवू नका." त्यांनी हातमोजे काढले आणि एकदम थांबल्या. "तुम्ही रोशन ना? यांचे मित्र? मी तर ऑगस्टपासून बोलावते आहे तुम्हाला. दर वेळी निरोप दिला. तेव्हाच आला असतात तर..."

खोलीत पंखा फिरत होता. दसरू भिंतीला टेकून उभा होता. रोशनने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. नाटकात दुसऱ्या नटाचा संवाद सुटला की रोशन असाच बघायचा आणि मग आपल्या वाक्यात त्याचं वाक्य गुंडाळून प्रवेश पुढे न्यायचा.

"हो, मॅडम," तो म्हणाला. "यानं सांगतलं होतं मले. लय डाव सांगतलं. मीच नाई आलो. भेव वाटते मले दवाखान्याचं."

मॅडमनी सुस्कारा सोडला आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

"तुमचं थे कागदाचं काम काय होतं?" रोशनने विचारलं. "हा सांगे रस्त्यानं. करून घ्या आताच. नंतर दात राह्यतीन का नाई, कोनाले माहीत."

"आज नको."

"घ्या ना. आलोच हावो त."

दीड बोट उघडणाऱ्या तोंडातून मॅडमनी डाव्या बाजूने चार पट्ट्या कशाबशा आत घातल्या. एकेक पट्टी हिरडीच्या खाचेत अर्धा मिनिट. रोशन डोळे मिटून निपचित बसला. पट्ट्या बारीक नळ्यांत गेल्या, नळ्यांवर आकडे चिकटवले गेले. एकीवरही रक्ताचा डाग नव्हता.

बाहेर आल्यावर रोशनने गाडीची किल्ली काढली. दसरू गाडीपाशीच उभा राहिला.

"हिरड्या चांगल्या हायेत म्हणते माह्या," रोशन म्हणाला.

"हो."

"बस. मिलवर सोडतो तुले."

तुकड्यात जे निघायचं तेच निघालं. दिवाळीनंतर आठव्या दिवशी नागपूरला ऑपरेशन झालं. उजवा गाल आणि खालच्या जबड्याचा उजवा अर्धा भाग काढावा लागला, त्यातल्या धडधाकट आठ दातांसकट. छातीची कातडी गालाला लावली. रोशनची बायको पुनम तिथे सव्वा महिना राहिली. दसरू दर सोमवारी जायचा. बाकीचे दिवस नाटक होतं. थोरल्या भावाचं काम गाजलं. तिसऱ्या अंकात बाया रडायच्या. वहीतल्या पेन्सिलीच्या प्रत्येक खुणेवर दसरू थांबत होता, आणि प्रत्येक वेळी त्याला टाळी दुसऱ्या कुणाची तरी वाटायची.

जानेवारीत तो तपासायला गेला. आकडे चार, तीन, तीन, चार असे आले. मॅडम खूष होत्या. दोघांच्या पट्ट्यांचे निकालही आले होते. दसरूच्या हिरड्यांत पेशींचं ते आतल्या सफाईचं काम अडलेलं दिसत होतं आणि रोशनच्या हिरड्यांत ते नीट चालू होतं. जसं वाटलं होतं तसंच.

"मंग त्याले काऊन झालं, मॅडम?" दसरूने विचारलं. "त्याची सफाई त चांगली होती."

मॅडमनी निकालाचा कागद खाली ठेवला. "हिरडी वेगळी, गाल वेगळा. सुपारी-तंबाखूने गालातली पेशीच बिघडते. आणि एकदा ती बिघडली की हीच सफाई तिच्याही कामी येते. तिला पुरेसं मिळत नसलं तरी स्वतःचंच खाऊन ती तग धरते. जी गोष्ट चांगल्याला जगवते, तीच वाइटालाही जगवते. औषध शोधणं म्हणूनच इतकं अवघड आहे."

"ऑगस्टमध्ये आला असता त?"

मॅडम फाइल बंद करत होत्या. "कदाचित जबडा राहिला असता," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही तरी किती सांगणार? तुम्ही तुमचं केलंत."

दसरू उठला. दारापर्यंत गेला, परत फिरला, आणि मॅडमनी वर पाहताच पुन्हा बाहेर पडला.

होळीच्या आधी हंगाम संपला. रोशन पुन्हा गाडीवर बसू लागला होता. जेवण पातळ, गळ्याभोवती उपरणं, बोलणं पुनमलाच काय ते समजायचं. स्टँडवर गाड्या नंबराने लागतात आणि ड्रायव्हरला ओरडून सवाऱ्या भराव्या लागतात. रोशनला ओरडता येत नव्हतं. त्याची गाडी अर्धी रिकामीच निघायची.

मिलची पाळी सुटली की दसरू स्टँडवर जाऊ लागला. पहिल्या दिवशी तो गाडीजवळ नुसताच उभा राहिला.

"रोशन, थे त्या वेळी..." त्याने सुरुवात केली.

रोशनने हात वर करून त्याला थांबवलं. रस्त्यापलीकडे डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी बसस्टँडच्या दिशेने चालली होती. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं.

दसरू रस्त्याच्या मधोमध गेला. माइक नसताना मागच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज त्याने लावला.

"आरमोरी, आरमोरी. बसा, बाई, बसा. गाडी भरली का निघते. आरमोरी."

म्हातारी थांबली आणि वळली. रोशनने खाली उतरून तिचं गाठोडं घेतलं आणि टपावर बांधायला लागला.